मंगळवारचा पासंग

३ एप्रिल

मंगळवार यांस,

नमस्कार. त्याच्या आधी ‘सप्रेम’ लावायचं की नाही, ते तुमच्या उत्तरावरून ठरवेन. तूर्त नुसता नमस्कार घ्या.

काल तीस दिवस संपले. तीन मार्चला तुमच्या वकिलांच्या खोलीत, त्या डुगडुगत्या गोल टेबलाशी बसून आपण तडजोडीवर सह्या केल्या. तीस दिवसांत तुम्ही माझी रक्कम भरायची आणि मी लवादापुढची तक्रार मागे घ्यायची, असं ठरलं. मी माझी तक्रार त्याच दुपारी मागे घेतली. तुमचे पैसे अजून वाटेतच आहेत.

घाबरू नका, हे वसुलीचं पत्र नाही. वसुली करायला नियमन मंडळ आहे, त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जाड कागद असणार. मला वेगळंच विचारायचंय.

तडजोडीत चौथ्या कलमात एक वाक्य आहे: ‘दोन्ही पक्ष कोणतीही चूक मान्य न करता ही तडजोड करीत आहेत.’ महिनाभर मी ते वाचते आहे. चूक कोणाचीच नाही, मग एवढी रक्कम कशाची? वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून मी एकतीस वर्षं दुकानोदुकानी काटे तपासले. ‘काटा अगदी बरोबर आहे बाई, पण दंड घ्या’ म्हणणारा दुकानदार मला एकही भेटला नाही.

बावीस वर्षं तुम्ही माझे शेअर दलाल. दर मंगळवारी अकराच्या ठोक्याला तुमचा फोन यायचा. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडायची, ‘आला गं तुझा मंगळवार!’ तेव्हापासून आमच्या मजल्यावर तुमचं हेच नाव आहे. तुम्हाला आज कळतंय, इलाज नाही.

आणि गेल्या जूनच्या पहिल्या मंगळवारी तुम्ही माझे तापमापी कंपनीचे झाडून सगळे शेअर मला न विचारता विकलेत. ते विकायचे नाहीत, हे मी तुम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की शेजारणीलाही पाठ झालं असेल. मला पत्ता लागला ऑक्टोबरात, लाभांशाचा कागद आला नाही म्हणून मी कंपनीला विचारलं तेव्हा. तोवर भाव दीडपट झाला होता. एवढं आपल्या दोघांनाही माहीत आहे. एकच गोष्ट फक्त तुम्हाला माहीत आहे, ती मला हवी आहे. का विकलेत?

सुनावणी झाली असती तर कोणीतरी हे विचारलं असतं. तडजोड झाली आणि प्रश्न तसाच राहिला. पैसे आले तरी तो जाणार नाही.

बाकी गुडघा बरा आहे.

तुमची जुनी गिऱ्हाईक

•

७ एप्रिल

दलाल नियमन मंडळ
लवाद-पाठपुरावा विभाग

माननीय अर्जदार,

आपल्या प्रकरणातील तडजोडीची रक्कम मुदतीत भरल्याचा दाखला या विभागास मिळालेला नाही. त्यामुळे संबंधित दलालास काल, ६ एप्रिल रोजी नोटीस दिली आहे. एकवीस दिवसांत, म्हणजे २७ एप्रिलपर्यंत समाधानकारक उत्तर न आल्यास त्यांचा परवाना निलंबित होईल.

या नोटिशीला चारच उत्तरं चालतात. रक्कम भरली, अर्जदाराने हप्ते किंवा वाढीव मुदत लेखी मान्य केली, प्रकरणाला कोर्टात आव्हान दिलं आहे, अथवा दलालाचं दिवाळं निघालं आहे. ‘हात आखडता आहे’ हे उत्तर ग्राह्य धरलं जात नाही.

रक्कम मिळाली नसल्याचं आपण लेखी कळवावं.

पाठपुरावा अधिकारी

•

९ एप्रिल

पाठपुरावा अधिकारी यांस,

रक्कम मिळालेली नाही. हे झालं तुमच्या कामाचं.

आता माझ्या कामाचं. तुमचं पत्र फार आवडलं, विशेषतः ती चार उत्तरं. पण काही शंका आहेत. मुदत एकवीसच दिवसांची का? वीस का नाही, पंचवीस का नाही? मीही सरकारी खात्यात होते, आमच्याकडे पंधरा दिवस होते आणि तेही का ते कोणी सांगायचं नाही. दुसरं, निलंबित दलाल दिवसभर करतो काय? कचेरीत बसू शकतो का? फोन वाजला तर उचलायचा की वाजू द्यायचा?

सवड असेल तर सांगा. मी निवृत्त आहे, उत्तराची वाट बघायला वेळच वेळ आहे.

अर्जदार

•

१० एप्रिल

आदरणीय ग्राहक महोदया,

आपले दि. ३ चे पत्र पावले. बाजारातील प्रतिकूल परिस्थितीमुळे तडजोडीची रक्कम एकरकमी भरणे आम्हांस तूर्त शक्य नाही, याचा खेद वाटतो. सोबत संमतिपत्र जोडले आहे. त्यानुसार आम्ही रक्कम बारा मासिक हप्त्यांत भरू. त्यावर सही करून ते २७ तारखेपूर्वी मंडळाकडे पोचेल असे पाहावे, ही विनंती.

आपल्या पत्रातील इतर मजकुरावर भाष्य न करण्याचा सल्ला आम्हांस मिळाला आहे.

आपला विश्वासू

ता. क. बाई, खालचं वकिलांनी बघितलेलं नाही. परवाना एक दिवसासाठी गेला तरी गिऱ्हाईक जन्माचं जातं. माझ्या कचेरीत मी, हिशेबनीसबाई आणि दोन फोन. ते दोन फोन बंद झाले तर मला दुसरं काही येत नाही. सही करा.

•

१२ एप्रिल

मंगळवार,

तुमचा ता. क. मुख्य पत्रापेक्षा बरा आहे. पुढच्या वेळी नुसता ताजा कलमच पाठवा.

संमतिपत्र माझ्या टेबलावर आहे, अर्ध्या किलोच्या पितळी वजनाखाली. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी दिलेलं ते. बारा हप्त्यांना माझी हरकत नाही. निवृत्तिवेतनात माझं भागतं, आणि तुम्ही जन्माला येण्याआधीपासून मी काटकसर करते आहे. मी सही करेन. फक्त आधी मला सांगा, का विकलेत.

ही अडवणूक वाटेल. आहेच. पण तुमचे वकील तुमच्या तोंडावर हात ठेवून बसलेत आणि माझ्या हातात हा एकच कागद आहे. एकदा सही केली की तुम्ही मला कशाला सांगाल?

रिकामटेकडेपणी मी तीन अंदाज केलेत. पहिला, तुम्हाला दलाली हवी होती. याला दहापैकी दोन गुण; तेवढी दलाली तुमच्या कचेरीच्या चहाच्या बिलाला पासंगालाही पुरली नसती. दुसरा, भाव पडणार असं वाटून तुम्ही परस्पर माझं भलं करायला गेलात. चार गुण. तिसरा, काहीतरी घोळ झाला. सात गुण. पण घोळ झाला तर माणूस म्हणतो, घोळ झाला. तुम्ही का म्हणाला नाहीत?

आणखी एक. तुम्ही मंगळवारी सांगितलेला तापमापीचा भाव मी वहीत टिपून ठेवायचे, तपासणीची खोड आहे ती. जूनपर्यंत तुमचे भाव असे: ‘दोनशेच्या आसपास’, ‘दोनशे दहा-बारा धरा’. जूननंतर? ‘दोनशे सतरा पूर्णांक पस्तीस.’ ‘दोनशे एकोणतीस पूर्णांक ऐंशी.’ अठरा मंगळवार, अठराही वेळा दशांशासकट, आणि मी विचारायच्या आत. चांगला काटा वजन ठेवलं की जरा डुलतो, मग थांबतो. ज्याच्या पारड्याखाली चुंबक चिकटवलेलं असतं, तो टाककन थांबतो. असा काटा दिसला की मी खाली वाकून बघायचे.

जुलैच्या पानावर आणखी एक नोंद आहे: ‘खात्याचा तिमाही उतारा आला नाही. म्हणाले, टपालाचा घोळ.’

मी वाकून बघते आहे, एवढंच समजा.

तुमची गिऱ्हाईक

•

१४ एप्रिल

माननीय अर्जदार,

आपल्या शंकांबाबत.

एकवीस दिवसांची मुदत नियमानुसार आहे.

निलंबित दलालाला खरेदी-विक्रीची ऑर्डर घेता येत नाही, सल्ला देता येत नाही, गिऱ्हाइकाला स्वतःहून फोन करता येत नाही. कचेरीत बसण्यास मनाई नाही. रक्कम चुकती होताच परवाना सहसा आठवडाभरात परत मिळतो.

कळवण्यास हरकत नसावी की फोनसंबंधीचा आपला प्रश्न मी वरिष्ठांना विचारला. वाजला तर उचलावा, असं त्यांचं मत पडलं. पण बराच वेळ चर्चा झाली.

पाठपुरावा अधिकारी

•

१७ एप्रिल

बाई,

दहा दिवस उरलेत आणि तुम्ही गुण देत बसलात. ठीक आहे. तुमचा दुसरा अंदाज बरोबर आहे. मला वाटलं होतं भाव कोसळणार. बाजारात तशी कुजबुज होती. तुम्ही विकायला तयार झाला नसतात, म्हणून विचारलं नाही. केलं ते तुमच्या भल्यासाठी, पण माझा अंदाज फसला. आता कारण मिळालं ना? आता तरी सही करा.

वकील म्हणतात, मी हे लिहून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय. पडू दे.

•

१९ एप्रिल

मंगळवार,

नाही हो.

माझ्या भल्याचं केलं असतंत तर तुम्ही ते माझ्यापासून लपवून ठेवूच शकला नसतात. एकदा तुम्ही मला चार जास्तीचे शेअर मिळवून दिलेत, तर दोन मंगळवार तुम्ही तेच सांगत होतात. स्वतःची पाठ थोपटायची संधी तुम्ही बावीस वर्षांत एकदाही सोडली नाहीत. आणि भाव पडणार म्हणून विकले असतेत, तर भाव वाढताना तुमचा आवाज पडायला हवा होता. तुमचा आवाज जूनच्या दुसऱ्या मंगळवारीच बदलला, जेव्हा भाव होता तिथेच होता. त्या दिवशी तुम्ही माझ्या गुडघ्याची चौकशी दोनदा केलीत. वहीत आहे.

तेव्हा दुसऱ्या अंदाजाचे चारही गुण मी काढून घेतले.

तुमच्यावर रागावले होते, ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा इतकी रागावले होते की लवादाचा अर्ज लिहिताना पेनाचं टोक मोडलं. आता राग नाही, आता फक्त चैन पडत नाही. ऑक्टोबरपासून मंगळवारी अकराला माझा फोन मुका असतो. मी तरी भांडी घासायची थांबून त्याच्याकडे बघते. वेडेपणा आहे, पण आहे.

एक सांगू? बावीस वर्षांत मी तुम्हाला काय नाही विचारलं. बाजार आज का पडला, काल का चढला, सोन्याचा आणि पावसाचा काय संबंध. तुमच्याकडे प्रत्येक वेळी उत्तर तयार. निम्मी उत्तरं तुम्ही जागच्या जागी बनवत होतात, हे मला कळायचं. ‘माहीत नाही’ हे दोन शब्द तुमच्या तोंडून मी एकदाही ऐकले नाहीत. मी दुकानदारांना म्हणायचे, काटा चुकला तर चुकला म्हणा, मी काय खाणार आहे तुम्हाला?

कागद अजून वजनाखालीच आहे. २७ च्या मंगळवारपर्यंत आठ दिवस आहेत.

तुमची गिऱ्हाईक

•

२२ एप्रिल

बाई,

हे वकिलांना दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही. हिशेबनीसबाई घरी गेल्यावर लिहितोय.

आमच्याकडे फोनवर आलेली ऑर्डर आधी वहीत उतरवायची आणि मग यंत्रावर घालायची, ही माझ्या वडिलांपासूनची पद्धत. वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं पान. फोन ठेवला की पान मिटायचं, मगच दुसऱ्या फोनला हात लावायचा. वडिलांनी हे मला इतकं घोकून घेतलं होतं की घरी बायकोशी बोलून झाल्यावरही माझा हात काहीतरी मिटायला जातो.

त्या मंगळवारी तुम्ही फोन ठेवता ठेवता विचारलंत, ‘अहो, भाव नक्की ठरवतं कोण? घेणारा की विकणारा?’ मी म्हणालो, ‘दोघं मिळून, बाई.’ तुम्ही म्हणालात, ‘मग दोघांपैकी आधी कोण बोलतं?’ आणि हसून फोन ठेवलात. मी पान मिटलं नाही. विचार करत बसलो. इतकी वर्षं ज्या धंद्यावर जेवतोय, त्यातली एवढी साधी गोष्ट आपल्याला सांगता येऊ नये, याची गंमतही वाटत होती आणि लाजही.

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. एक कंत्राटदार आहे, त्याच्याकडेही तापमापी कंपनीचेच शेअर. घाईत होता. ‘सगळे काढून टाका,’ म्हणाला. समोर पान उघडं होतं ते तुमचं. मी त्यावर लिहिलं, ‘तापमापी, सगळे, विक्री’, आणि खाली माझी सही केली. हिशेबनीसबाईंनी वाचलं आणि विकलं. त्यांची काही चूक नाही.

गुरुवारी कंत्राटदाराने विचारलं, माझ्या पैशांचं काय झालं? वही काढली, तर ऑर्डर तुमच्या पानावर. तेव्हा भाव चार रुपयांनी उतरला होता. त्याचं नुकसान मी माझ्या खिशातून भरून दिलं. आणि बाई, खरी गोष्ट इथे आहे. तुमच्या विक्रीचे पैसे खात्यात तसेच पडून होते. त्याच क्षणी तुमचे शेअर परत घेतले असते, तर तुमचं काही गेलं नसतं, उलट थोडे उरले असते. मला वाटलं, अजून थोडा उतरू दे, म्हणजे कंत्राटदाराला दिलेलंही त्यातून निघेल. सोमवारी भाव चढला. मग चढतच गेला. तुमच्या पैशांत तेवढे शेअर येईनात, आणि माझ्याकडे भर घालायला उरलं नव्हतं.

जुलैचा उतारा मी टपालात टाकलाच नाही. अठरा मंगळवार मी तुम्हाला तुमच्याकडे नसलेल्या शेअरचा भाव सांगत होतो. फोन बंद केला असता तर सुटलो असतो, हे मलाही कळत होतं. दर सोमवारी ठरवायचो, उद्या सांगायचं. अकरा वाजले की तुमचा आवाज यायचा, ‘काय म्हणतोय बाजार?’ आणि तोंडातून भाव निघायचा, दशांशासकट. तुम्ही बरोबर ऐकलंत.

वकिलांनी तडजोड करायला लावली ती यासाठीच, सुनावणीत वही उघडायला लागू नये म्हणून. हातात नव्हती एवढी रक्कम मी कबूल केली. आणि तुम्हाला कारण सांगितलं नाही, कारण ‘बाई, तुमच्या प्रश्नामुळे चूक झाली’ असं म्हणणं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. प्रश्न तुमचा होता. पान मिटायचं काम माझं होतं.

हे पत्र तुम्ही मंडळाला दाखवलंत तर परवाना हप्त्यांनीही वाचणार नाही. दाखवू नका असं मी म्हणत नाही. म्हणायला हवं होतं, पण लिहिता लिहिता राहून गेलं.

मंगळवार

•

२५ एप्रिल

मंगळवार,

पत्र चार वेळा वाचलं. दुसऱ्या वाचनाला मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

मी तीन अंदाज केले होते आणि तिन्हींत मी कुठेच नव्हते. दुसऱ्याचा काटा खाली वाकून बघत होते आणि माझाच प्रश्न त्या पारड्यात पासंग होऊन बसला होता. याला काय म्हणावं? मला हसू आलं, मग रडू आलं, मग पुन्हा हसू आलं. एवढं खरं की त्या दिवशी मी प्रश्न सहज विचारला होता. उत्तर शोधत कोणी बसेल असं मला वाटलंच नव्हतं. माझ्या प्रश्नांवर विचार करणारं माणूस मला तरी दुसरं माहीत नाही.

शब्द दिला होता, तेव्हा सही केली आहे. उद्या सोमवारी सकाळी बसने जाऊन मी स्वतः संमतिपत्र मंडळात देईन आणि पोच घेईन. परवा तुमचा परवाना जाणार नाही. निर्धास्त झोपा.

आता दुसरी गोष्ट. आमच्या खात्यात चुकलेला काटा वेगळा आणि चुकवलेला काटा वेगळा. जूनच्या पहिल्या मंगळवारी झालं ते पहिलं. त्याला दुरुस्ती असते. गुरुवारपासून जे झालं ते दुसरं, आणि त्याला जप्ती असते. मी ते पोटात घालू शकत नाही. माझा जीव तुमच्यासाठी तुटला तरी नाही, आणि खरं सांगते, तुटला. पण जप्तीत एक सवलत होती. दुकानदार स्वतः काटा उचलून आमच्या कचेरीत घेऊन आला, तर आम्ही त्याचं दुकान बंद करत नव्हतो. एकतीस वर्षांत असे चारजण आले. चौघांची दुकानं मला आजही दाखवता येतील.

म्हणून तुमचं पत्र मी मंडळाला दाखवणार नाही. सोबत परत पाठवते आहे. त्याची प्रत काढलेली नाही. मला ओळखत असाल तर खात्री करायची गरज पडणार नाही. आता ते तुमच्याकडे आहे आणि त्याचं काय करायचं हे तुमच्याकडे आहे. फाडलंत तरी हप्त्यांच्या पावत्या मी वेळेवर देत जाईन.

एकच विनंती. माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

तुमची गिऱ्हाईक

•

१४ मे

माननीय अर्जदार,

आपण २६ एप्रिल रोजी समक्ष दिलेलं संमतिपत्र ग्राह्य धरून रक्कम न भरल्याबाबतची कारवाई बंद करण्यात आली आहे.

तथापि, संबंधित दलाल ३ मे रोजी स्वतःहून या कार्यालयात आले. त्यांनी आपणास लिहिलेलं एक पत्र आणि स्वतःची ऑर्डरची वही सादर केली. गिऱ्हाइकास अठरा आठवडे खोटी माहिती दिल्याबद्दल त्यांचा परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित करण्यात येत आहे. ते स्वतः आले नसते तर परवाना कायमचा रद्द झाला असता, हे आपल्या माहितीसाठी. हप्ते या काळातही भरणं त्यांना बंधनकारक आहे.

ते आले तेव्हा आमची जेवणाची सुट्टी होती. मी म्हटलं, नंतर या. ते म्हणाले, नंतर येणार नाही, आत्ताच घ्या. मी डबा मिटला आणि पत्र घेतलं.

एकवीस दिवसांच्या मुदतीबाबत: ‘नियमानुसार’ हे उत्तर आपणास पटलं नसावं, असं मला राहून राहून वाटत होतं. साहेबांना विचारलं. त्यांनी त्यांच्या साहेबांना विचारलं. जुन्या फायली काढून पाहिल्या. कोणालाच माहीत नाही. हे कार्यालयीन उत्तर समजू नये.

पाठपुरावा अधिकारी

•

१८ मे

बाई,

पहिला हप्ता सोबत आहे. गाडी विकली. तशीही तिची किल्ली मलाच सापडत नसे.

मंडळातल्या बाईंनी विचारलं, हे पत्र द्यायला तुम्हाला कोणी भाग पाडलं का? मी म्हटलं, नाही. पत्र माझ्याच खिशात होतं, आठवडाभर होतं. रोज सकाळी फाडायला काढायचो आणि परत ठेवायचो. शेवटी घड्यांवर ते आपसूक फाटायला लागलं, तेव्हा घाबरलो आणि घेऊन गेलो.

साठ गिऱ्हाइकांपैकी एकेचाळीस गेली. कंत्राटदार सर्वांत आधी. एकोणीस थांबलीत, का ते मी विचारलेलं नाही. हिशेबनीसबाई अजून दहाला येतात, टेबल पुसतात, माझ्यासमोर बसतात. मी त्यांना म्हटलं, पगाराचं काही खरं नाही. त्या म्हणाल्या, घरी बसून तरी काय करू. वकिलांनी माझं नाव टाकलंय.

आज मंगळवार. अकरा वाजता मी फोनसमोर बसलो होतो. गिऱ्हाइकाला फोन करायला मला मनाई आहे. हात उगीच फोनवर गेला, मग मागे घेतला आणि हा कागद ओढला.

सहा महिन्यांनी परवाना मिळेल, पण धंदा परत उभा राहील का, असं तुम्ही विचाराल. माहीत नाही.

आणि तुमचा राहिलेला प्रश्न. भाव ठरवतं कोण, घेणारा की विकणारा, आणि दोघांपैकी आधी कोण बोलतं. अकरा महिने डोक्यात आहे. पुस्तकं पाहिली. जुन्या दलालांना विचारलं, ते हसले. खूप विचार केला, बाई.

माहीत नाही.

मंगळवार

•

२० मे

मंगळवार,

सप्रेम नमस्कार.

पहिला हप्ता पोचला. पावती सोबत आहे. उत्तरही पोचलं. त्याला दहापैकी दहा.

काल मंडळातल्या बाईंना फोन करून एक शंका विचारली. आता त्या मला आवाजावरूनच ओळखतात. निलंबित दलालाने गिऱ्हाइकाला फोन करायचा नाही, असा नियम आहे. गिऱ्हाइकाने दलालाला करू नये, असं कुठे लिहिलंय का? त्यांनी मला थांबायला सांगितलं, कागद चाळल्याचा आवाज येत राहिला, मग म्हणाल्या, असं कुठेच लिहिलेलं नाही. आणि वाजला तर उचलावा, असं त्यांच्या साहेबांनी मागेच सांगितलेलं आहे.

येत्या मंगळवारी अकराला कचेरीत थांबा. भाव विचारणार नाही.

तुमची गिऱ्हाईक